कलमाचा घडीचा चाकू : पहिल्या नमुन्यापासून विकाऊ मालापर्यंत

जालना जिल्ह्याचे नाव घेतले की व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन वस्तू येतात. एक लोखंडी सळई, दुसरी मोसंबी. सळईचे कारखाने शहराच्या औद्योगिक वसाहतीत आहेत, मोसंबीच्या बागा जिल्हाभर आहेत आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. असे असूनही रोपवाटिकेत मोसंबीचे डोळे भरणाऱ्या कारागिराच्या हातात जो घडीचा चाकू दिसतो तो बहुधा बाहेरून आलेला असतो. एक तर स्वित्झर्लंड किंवा जर्मनीचा, जो चांगला असतो पण मजुरीवर जगणाऱ्याला परवडत नाही. नाही तर बाजारातला हलका, ज्याची धार दुपारपर्यंत टिकत नाही. या दोहोंमधली जागा रिकामी आहे. ती गावचा लोहार भरू शकेल काय आणि त्यासाठी त्याने काय काय शिकले पाहिजे, हे या लेखात पाहू.

प्रस्तुत लेखक कापडाचा व्यापारी आहे, लोहार नव्हे. परंतु गाठ उघडताना, सुतळी व पट्टी कापताना घडीचा चाकू आम्हालाही रोज लागतो. शिवाय वाटूर हे जालना-मंठा रस्त्यावरचे गाव असल्यामुळे शेतकरी, रोपवाटिकावाले आणि लोहार हे तिघेही दुकानात येणारे. त्यांच्यातल्याच एका लोहाराकडून आम्ही चार नमुने करवून घेतले आणि ते डोळे भरणाऱ्यांच्या हाती दिले. खालील मजकूर बराचसा त्या अनुभवावर आधारलेला आहे.

शब्दाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. उर्दू शाळेत आम्ही तख्तीवर बरूच्या कलमाने लिहीत असू. ते कलम तासणाऱ्या लहान चाकूला फारसीत ‘कलमतराश’ म्हणतात आणि कलमाच्या टोकाला जो तिरपा काप देतात त्याला ‘कत’ म्हणतात. कत बिघडला की अक्षर बिघडलेच. मराठीत झाडाच्या जोडालाही आपण कलमच म्हणतो. दोन्ही कामांत चाकूकडून अपेक्षा एकच : एका ओढीत, न चिरडता, सपाट काप.

चाकू कोणासाठी?

घडीचा चाकू म्हटला की आपल्याकडे लोकांना रामपुरी आठवतो. रामपूर शहराने २०२३ मध्ये एका चौकात वीस फुटी चाकू उभारून त्या नावाचा गौरवही केला. पण ज्याची कीर्ती सिनेमात झाली त्या मालाला आज गिऱ्हाईक किती, याचा विचार नव्या कारागिराने आधी करावा. दिसायला झकास आणि कामाला कोणत्याच नाही, असा चाकू जत्रेत एकदा विकला जातो. डोळे भरणाऱ्याचा चाकू दर हंगामात विकला जातो, कारण तो झिजतो.

मोसंबीचे कलम कसे होते ते थोडक्यात समजून घेतल्याशिवाय चाकूचे रेखाटन होणार नाही. रंगपूर लिंबू किंवा जंबेरीचे रोप खुंट म्हणून वाढवतात. ते पेन्सिलीएवढे जाड झाले की जमिनीपासून साधारण २० ते २५ सें.मी. उंचीवर सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा काप देतात. उभा काप इंचभराचा असतो. साल दोन्ही बाजूंनी हळूच सोडवतात, डोळकाडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढून आत सरकवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. काप खोल गेला तर आतले लाकूड जखमी होते. धार बोथट असेल तर सालीची कड चिरडते, डोळा काळा पडतो. कारागिराला मजुरी सहसा कलमामागे मिळते, त्यामुळे मेलेला डोळा हा त्याच्या खिशातून जातो. शेतकऱ्याचे नुकसान त्याहून मोठे, कारण कलमाच्या एका रोपावर त्याची पंधरा-वीस वर्षांची भिस्त असते. २०१२-१३ च्या दुष्काळात या भागातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या आणि शेतकऱ्यांनी आपल्याच हातांनी त्या तोडल्या. त्यानंतर ज्यांनी पुन्हा बाग उभी केली त्यांची सुरुवात अशाच दोन-अडीच इंचाच्या पात्यापासून झाली.

पोलाद

जालन्यात लोखंडाला काय तोटा, असे कोणीही म्हणेल. पण बांधकामाची सळई चाकूच्या कामाची नाही. सळईला वाकता आले पाहिजे, जोडता आले पाहिजे, म्हणून भारतीय मानकात तिच्यातील कार्बनवर कमाल मर्यादा घातलेली आहे. ४१५ व ५०० प्रतीच्या सळईत तो ०.३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पात्याला याच्या दुप्पट तरी कार्बन हवा, नाही तर कितीही पाणी द्या, धार धरत नाही. लोहार लोक जो ट्रकच्या कमानीचा पाटा वापरतात तो या कामाला योग्य आहे. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो.

भंगारातला पाटा मात्र पारखून घ्यावा. वर्षानुवर्षे खड्ड्यांतून वाकून त्याच्या पोटात डोळ्याला न दिसणारे तडे गेलेले असतात आणि ते नेमके पाणी देतेवेळी उघडतात. शक्य असल्यास कमानी बनवणाऱ्याकडून नव्या पाट्याचे तुकडे घ्यावेत. पारख सोपी आहे. लहान तुकडा लाल करून तेलात विझवावा आणि हातोडीने ठोकावा. कडकन तुटला आणि तुटीचा कण बारीक, राखाडी दिसला तर पोलाद चालेल. वाकला तर परत भंगारात. आम्ही कापडाचा सूत जाळून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

स्टेनलेस का नाही, असे पुष्कळजण विचारतात. स्टेनलेसला पाणी देण्यासाठी हजार अंशांच्या वर, तेही मोजून-मापून, उष्णता लागते. भात्यावरच्या कोळशाला ते जमणार नाही. कारखान्याला जमते, म्हणून कारखान्याने करावे.

आधी पुठ्ठा, मग पोलाद

घडीच्या चाकूत अवघड काम पाते नव्हे, बिजागरी आहे. बिनघडीचा सुरा आपला कोणताही लोहार तासाभरात करील. घडीच्या चाकूत पाते, मूठ, खीळ आणि पाठीची कमान या चौघांचे एकमेकांशी जमले पाहिजे आणि ते दोन अवस्थांत जमले पाहिजे, उघडे असताना आणि मिटलेले असताना.

म्हणून थेट ऐरणीवर जाऊ नये. जाड पुठ्ठ्यावर पाते व मूठ खऱ्या मापात काढून कापावी, खिळ्याच्या जागी टाचणी टोचावी आणि पाते फिरवून पाहावे. आमचे माप असे ठरले : धारेची लांबी ६ सें.मी., पात्याची रुंदी दीड सें.मी., पाठीकडची जाडी २ मि.मी., मूठ १० सें.मी. पुठ्ठ्यावरच कळते की मिटल्यावर टोक मुठीबाहेर राहते की आत, नखाने ओढण्याची खाच बोटाला सापडते की नाही. खीळ एका बाजूला दोन मिलिमीटर सरकवली तरी सगळे चित्र बदलते. पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत.

सर्वांत साधी रचना म्हणजे नुसती खीळ आणि तिची घट्ट पकड. जपानमधील मिकी गावचा ‘हिगोनोकामी’ चाकू असाच असतो, कमान नाही, कळ नाही, पात्याच्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचे. फ्रान्सच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये जो लाकडी मुठीचा चाकू काढला तोही सुरुवातीला याच तत्त्वावर होता. पाते अडकवणारी फिरती कडी त्याला १९५५ मध्ये बसवली गेली. म्हणजे पासष्ट वर्षे तो कडीशिवाय विकला गेला. नवशिक्या कारागिराला धीर देणारी ही गोष्ट आहे.

दुसरी रचना पाठीच्या कमानीची. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, ती मध्यावर व मागच्या टोकाला रिव्हेटने धरलेली असते, पुढचे टोक मोकळे. पात्याच्या बुडाशी जो चौकोनी भाग असतो, त्याला आपण टाच म्हणू, त्याच्यावर हे टोक दाबून बसते. टाचेच्या दोन बाजू सपाट असल्यामुळे पाते उघडून आणि मिटून, दोन्ही ठिकाणी थांबते. काम कानशीचे आहे. आधी पाते उघडे धरून टाच घासावी, कमान मुठीच्या पाठीशी सपाट आली की थांबावे. मग मिटवून दुसरी बाजू घासावी. येथे घाई केली, चार फेऱ्या कानस जास्त फिरली, की पाते वाया गेले. घासलेले परत येत नाही.

टाचेच्या पुढे एक लहान उंचवटा ठेवतात. मिटताना तो कमानीवर टेकतो आणि त्यामुळे धार कमानीला लागत नाही. हा उंचवटा विसरला तर चाकू मिटताना दर वेळी आपलीच धार मारतो. हलक्या चाकूंची धार लवकर जाते त्याचे निम्मे कारण पोलादात नसून येथे असते.

खीळ ठोकण्याची एक युक्ती आहे. पाते आणि पितळी अस्तर यांच्यामध्ये कागदाएवढा पातळ पत्रा तेल लावून ठेवावा, मग रिव्हेटचे डोके हलक्या हाताने, गोल फिरत ठोकावे आणि शेवटी पत्रा ओढून काढावा. तेवढीच फट राहते. पाते हलत नाही आणि अडतही नाही.

पाणी देणे

मराठीत पाणी देणे म्हणतात, पण कमानीच्या पाट्याच्या पातळ पात्याला प्रत्यक्ष पाण्यात विझवू नये, तडकते. कोमट तेल वापरावे. पाते किती तापवावे, यासाठी लोहाराचा डोळा असतो, तरी जोडीला एक लोहचुंबक ठेवावा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून थोडे पुढे, पण पिवळे न होऊ देता, तेलात उभे सोडावे. धारेची कड आधीच पातळ केली तर ती वाकडी होते, म्हणून पाणी देण्यापूर्वी मिलिमीटरभर जाड ठेवावी. पाणी बरोबर बसले तर कानस पात्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरते.

या अवस्थेत पाते ठिसूळ असते. ते घासून चकचकीत करावे आणि सुमारे २०० अंशांवर तासभर, दोनदा तापवावे. फिकट गवती पिवळा रंग आला की पुरे. पावाची भट्टी असलेल्या बेकरीवाल्याशी ओळख असेल तर काम सोपे होते. कमान मात्र अधिक तापवावी, निळी होईपर्यंत, कारण तिला धार धरायची नाही, वाकून परत यायचे आहे. एकाच पाट्यातून निघालेले दोन तुकडे, एक पिवळा आणि एक निळा, आणि दोघांचा स्वभाव वेगळा. हे हुनर घिसाडी लोकांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांना तापमानाचा आकडा विचारला तर हसतील.

चार नमुने

पहिला नमुना नुसत्या खिळीचा होता, बाभळीची मूठ. पहिला दिवस उत्तम गेला. तिसऱ्या दिवशी पाते उघडेना. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोसंबीवर्गीय झाडांचे काही रोग चाकूच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातात. एक्सोकॉर्टिस हा त्यांपैकी एक असून त्याला स्पिरिट किंवा ज्योत दाखवणे पुरेसे होत नाही, ब्लीचचे पाणीच भरवशाचे. जाणती रोपवाटिका म्हणूनच डोळकाडी बदलताना चाकू ब्लीचमध्ये बुडवायला लावते. लाकूड ते पाणी पिऊन फुगले आणि पाते आवळले गेले. पुढे उन्हात वाळल्यावर तेच पाते खुळखुळू लागले.

दुसऱ्यात पाठीची कमान आणि दोन्ही बाजूंना पितळी अस्तर घातले. लाकूड वर्षभर मुरलेले शिसम घेतले आणि जवसाच्या तेलात बुडवून ठेवले. लाकडाचा प्रश्न मिटला. पण कमान इतकी कडक झाली होती की एका कारागिराचे नख उखडले. शिवाय ब्लीचने खिळीभोवती गंज धरला, आणि रिव्हेट ठोकलेली असल्यामुळे आत साफ करता येईना.

तिसऱ्यात खिळीच्या जागी पितळी स्क्रू आला. पेचकसाने बिजागरी खुली होते, पुसता येते, सैल झाली तर आवळता येते. कमान मधल्या भागात घासून पातळ केली, दाब उतरला. मुठीची पाठ मागच्या बाजूला थोडी उघडी ठेवली, म्हणजे आत गेलेले पाणी निथळते. या बदलाची सूचना लोहाराची नव्हती आणि आमचीही नव्हती. ती डोळे भरणाऱ्याने दिली. दिवसभर उकिडवे बसून जो शेकडो कलमे बांधतो त्याला चाकूबद्दल जे कळते ते दुकानात बसून कळत नाही. त्यानेच आणखी दोन गोष्टी सांगितल्या. साल सोडवण्यासाठी मुठीच्या टोकाला जो पत्रा बसवला होता तो पोलादाचा होता आणि साल फाडत होता. तो पितळेचा, गोल कडेचा करावा. आणि धार दोन्ही बाजूंनी घासलेली आहे, ती एकाच बाजूने असावी. एका बाजूने सपाट असलेले पाते डोळा काढताना लाकडात घुसत नाही, सरळ चालते. परदेशी कलमचाकू बहुतेक असेच एकधारी असतात. अर्थात मग डावखुऱ्यांसाठी उलट बाजूचा चाकू वेगळा करावा लागतो, आणि डावखुरे गिऱ्हाईक असा चाकू मिळाला तर दुकान सोडत नाही.

चौथा नमुना म्हणजे तिसऱ्याचीच दुरुस्त प्रत. त्यात नवीन काही नाही, फक्त मुठीत लाल रंगाची एक पट्टी घातली. चिखलात पडलेला चाकू सापडावा म्हणून. दिसायला ती शोभेची वाटते.

धार तयार झाल्यावर तपासणीची आमची कापडवाल्यांची एक रीत आहे. चाकू मिटून त्याच्यावरून मलमलीचा तुकडा चहूबाजूंनी फिरवावा. कोठेही धागा ओढला गेला तर टोक बाहेर आहे किंवा रिव्हेटची कड राहिली आहे. खिशात ठेवण्याच्या वस्तूला ही परीक्षा लावलीच पाहिजे. धारेच्या शेवटच्या कामासाठी शिकलगाराचा सल्ला घ्यावा. सैकल म्हणजे झिलई, त्यावरून हे नाव आले, आणि हात त्यांचा आजही तसाच आहे. निसण्यावर सपाट बाजू फक्त बूर काढण्यापुरती टेकवतात, धार दुसऱ्या बाजूने लावतात आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर ओढतात.

नमुना आणि माल

एक चांगला चाकू होणे वेगळे आणि पन्नास सारखे होणे वेगळे. नमुना पसंत पडल्यावर त्याचा पोलादी साचा करावा, भोके त्या साच्यातूनच पाडावीत. असे केल्यास एका चाकूचे पाते दुसऱ्याला बसते, आणि पाते झिजल्यावर गिऱ्हाईक नुसते पाते घ्यायला परत येते. प्रत्येक नमुना फेकून न देता चिठ्ठी बांधून ठेवावा. कोणते माप का बदलले ते दोन वर्षांनी आठवत नाही.

किंमत लावताना कारागीर लोक पोलाद आणि कोळसा धरतात, मजुरी विसरतात. समजा दहा पाती घडवली आणि दोन पाणी देताना वाकली. तर दहांचा खर्च आठांवर पडला पाहिजे. कानशी झिजतात, त्या धराव्यात. बिजागरीला लागणारा वेळ पात्याहून जास्त असतो, तो तासाने मोजावा. हे सर्व धरूनही हा चाकू परदेशी मालाहून स्वस्त पडतो. बाजारच्या हलक्या मालाशी किमतीत बरोबरी करण्याच्या भानगडीत पडू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार व अवजारे बनवणारे यांचा समावेश असून, प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठरवण्यात आली आहे. ड्रिल आणि चांगला शेगडा घेण्यासाठी ती उपयोगी आहे.

कायद्याचे भान ठेवणे आवश्यक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. आपला चाकू अडीच इंचांच्या आत आहे. तरीही कळ दाबून उघडणारे पाते बनवू नये. अशा बटणाच्या चाकूंवर दिल्लीत १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे आणि पोलिसांच्या नजरेत तो शेतीचा चाकू राहत नाही. आमच्या तरुण कारागिरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बिलावर ‘कलम चाकू’ असे स्पष्ट लिहावे, पात्यावर आपला शिक्का मारावा. मुठीसाठी सांबर किंवा चितळाचे शिंग कोणी आणून दिले तर घेऊ नये, वन्यजीव कायद्याने ते बंद आहे. म्हशीचे शिंग चालते.

चाकूबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तिच्यात लांबलचक मजकूर नको. ब्लीचमध्ये फक्त पाते बुडवा, मूठ नको. लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसा. संध्याकाळी धारेला तेलाचा हात द्या. बिजागरीत मात्र खोबरेल घालू नका; डोळे भरण्याचा हंगाम थंडीचा आणि थंडीत खोबरेल गोठते. शिवणयंत्राचे तेल एक थेंब पुरते.